सर्वाधिक वापर

मासेरूच्या कार्यालयात, हीटरला पाय लावून,
मी पहिल्यांदा तो स्तंभ पाहिला.
देशभरातल्या दवाखान्यांचे बुटके खुंट
आणि मधेच एक ताडमाड उभा :
हा-मोलेको. दिवसाला एकसष्ट वेळा प्रवेश.
साहेब म्हणाले, जाऊन ये, बघ काय जादू आहे.
फोटो काढ, बाईंचे दोन शब्द घे,
जूनमध्ये देणगीदारांची बैठक आहे.

गाडी खिंडीपर्यंत. पुढे तट्टू.
वाट त्याला ठाऊक होती,
आणि माझ्याविषयीचं आपलं मत
त्यानं प्रत्येक चढावर कळवलं.

म्मे मातुमेलो दारातच उभ्या.
घोंगडी खांद्यावर पिनेनं आवळलेली,
बोटांना जंतुनाशकाचा वास.
"या न्ताते. यंत्र बघायला आलात, की आजारी आहात?"
बाकावर अकरा बायका, एक म्हातारा
आणि एक कोंबडी, जिला कोणी उठवत नव्हतं.

यंत्र आत चालत नाही.
चालतं ते ओढ्यापलीकडच्या खडकावर,
तेही त्सेबो नावाचं पोर मेंढ्या वळवून वर आलं
आणि काठीला बांधलेला फोन
डोक्यावर धरून उभं राहिलं, तर.

त्या एका बोटानं टाइप करतात,
कणसावरून एकेक दाणा सोलावा तसं.
बाळाचं नाव. आईचं नाव. वजन.
लशीचा क्रमांक अर्ध्यावर, आणि पडदा पांढरा :
आपले सत्र संपले आहे. पुन्हा प्रवेश करा.

पुन्हा प्रवेश.
बाळाचं नाव. आईचं नाव.
वारा. त्सेबोनं हात बदलला.
वजन.
आपले सत्र

मी मोजत बसलो. मोजणं माझं कामच.
एका माणसामागे पाच प्रवेश.
ऐंशी सेकंद हात थांबला, की दार बंद.
तो ऐंशीचा आकडा
मीच घातला होता, सुरक्षेसाठी,
एका शुक्रवारी, जेवायला उठण्याआधी.

हे सांगायला जीभ रेटेना. सांगितलं.
त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.
"असं होय," म्हणाल्या. "मला वाटायचं
माझंच बोट म्हातारं झालंय."

मग औषधांच्या कपाटाचं दार उघडून दाखवलं.
आतल्या बाजूला कोळशानं लिहिलेली यादी :
एकशिंगी, धुक्याच्या रंगाची,
लेकीच्या लग्नात आलेली, लेकाच्या लग्नात गेलेली,
प्रत्येकीपुढे साल.
पासवर्ड. दर महिन्याला नवा, आत आकडा हवाच.
तेही फर्मान आमचंच.
"फेब्रुवारीत माझ्या गाई संपल्या.
आता शेजाऱ्याच्या चालवतेय. त्याला विचारून."

टेबलावर जाड वही होती, दोऱ्यानं शिवलेली.
तिच्यात सगळं होतं, ओळीनं,
समासातसुद्धा :
ही नदी उतरल्यावर येईल, लस राखून ठेवणे.
एवढी जागा मी कुठल्याच पडद्यावर सोडली नव्हती.

फोटो काढला नाही.
परत येऊन एका संध्याकाळी, कुणाला न विचारता,
ऐंशी सेकंदांचा अर्धा तास केला,
आणि अर्धवट लिहिलेलं पुसू नये, एवढं शिकवलं यंत्राला.

जुलैत स्तंभ कोसळला. एकसष्टवरून चार.
सगळ्या नोंदी पूर्ण, एक रकाना रिकामा नाही,
पण ते दाखवणारा स्तंभ आमच्याकडे नाही.
पत्र तयार होऊन माझ्या सहीसाठी आलं :
हा-मोलेको येथील वापरात चिंताजनक घट.
संबंधित सेविकेस तातडीने प्रशिक्षणास पाठवावे.

खिंडीत बर्फ आहे म्हणतात.
फोन लावला. बराच वेळ नुसता वारा,
मग त्सेबो, धापा टाकत :
"म्मे यंत्रावर नाहीत, न्ताते.
कामात आहेत."